छप्पर उघडणारे चौघे

आगमनकाळातील दुसरा रविवार
मननासाठी उतारा : मार्क २:१-१२



आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी योहान बाप्तिस्ता आपल्यासमोर येऊन उभा राहतो. प्रभूसाठी मार्ग तयार करा, हे यशया संदेष्ट्याचे आवाहन तो पुन्हा एकदा आपल्या कानी घालतो. दऱ्या भरून काढायच्या, टेकड्या सपाट करायच्या, वाकड्या वाटा सरळ करायच्या. हा मार्ग अंतःकरणाचा आहे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते खरेच आहे. पण कधी कधी मार्ग म्हणजे साधा, पायाखालचा मार्गही असतो. घराच्या उंबरठ्यापासून चर्चच्या दारापर्यंतचा रस्ता, दारासमोरच्या पायऱ्या आणि दारापासून बाकापर्यंतची दहा-वीस पावले. आपल्यापैकी बहुतेकांना ही वाट पाच-दहा मिनिटांची. काही घरांना मात्र ती वर्षानुवर्षे संपत नाही.

गेल्या आठवड्यात, ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिन होऊन गेला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली हा दिवस ठरवला. त्या दिवशी ठिकठिकाणी कार्यक्रम होतात, खाऊ वाटला जातो, फोटो निघतात. त्यात वाईट काहीच नाही. प्रश्न ४ डिसेंबरचा आहे. त्या दिवशी त्या मुलाकडे कोण जाते?

थोडा हिशेब करू या. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. म्हणजे शंभरात दोघांहून थोड्या अधिक. त्यानंतर २०१६ साली नवा कायदा झाला. पूर्वी सात प्रकारचे अपंगत्व कायद्याला मान्य होते, आता एकवीस आहेत. तेव्हा जुना आकडा कमीच धरायला हवा. तरीही त्याच प्रमाणाने पाहिले, तर चार हजार वस्तीच्या धर्मग्रामात अशी ऐंशी-नव्वद माणसे असायला हवीत. आज मिस्सा संपल्यावर घरी जाताना मनातल्या मनात मोजा. आपल्या बाकांवर त्यांतली किती होती? उरलेली कुठे आहेत?

दार कोणी अडवले होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाकडे वळू या. प्रभू येशू कफर्णहूम येथे एका घरात आहे. लोकांनी एवढी गर्दी केली आहे की दाराजवळसुद्धा जागा उरलेली नाही. तेवढ्यात चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून घेऊन येतात. त्यांना आत जाता येत नाही. मग ते घराच्या छपरावर चढतात, छप्पर उघडतात आणि बाज खाली सोडतात.

ही कथा आपण चमत्काराची म्हणून ऐकतो. आज जरा त्या दाराकडे पाहू या. दार कोणी अडवले होते? प्रभूच्या शत्रूंनी नव्हे. काही शास्त्री तिथे कुरकुरत बसले होते खरे. पण दाराशी उभी असलेली गर्दी प्रभूचे वचन ऐकायला आलेल्यांची होती. सगळे भाविक होते. त्यांच्या मनात त्या आजारी माणसाविषयी द्वेष नव्हता. त्यांची फक्त पाठ त्याच्याकडे होती. प्रभूकडे तोंड करून उभे असतानाही आपली पाठ कोणाची तरी वाट अडवू शकते, हे या कथेने आपल्याला दाखवून दिले आहे.

आता छपराचे पाहा. पॅलेस्टाईनमधली तेव्हाची घरे सपाट छपराची असत. लाकडी वाशांवर काटक्या आणि वर मातीचा थर. ते उघडले तेव्हा खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असणार. खडखडाट झाला असणार. प्रभूचे प्रवचन ऐन रंगात आलेले असताना मध्येच थांबले असणार. आणि प्रभू? तो रागावला नाही. 'आधी माझे बोलणे संपू द्या' असेही म्हणाला नाही. त्याने त्या चौघांचा विश्वास पाहिला आणि बाजेवरच्या माणसाला 'मुला' अशी हाक मारली.

एखाद्या रविवारी प्रवचन चालू असताना एखादे विशेष मूल मोठ्याने ओरडते, हसते, बाक वाजवते, आईचा हात सोडवून वेदीकडे धावते. त्या वेळी आपल्या कितीतरी माना वळतात. कोणी बोलत नाही. पण त्या नजरा आईला कळतात. पुढच्या रविवारी ती मागच्या बाकावर बसते. त्यानंतरच्या रविवारी दाराबाहेर उभी राहते. मग आईवडील पाळी लावतात. एक जण मिस्साला, एक जण घरी. हळूहळू त्या मुलाचे चर्च सुटते. त्याला कोणी जा म्हटलेले नसते. बंधु-भगिनींनो, तो आवाज म्हणजे छपरावरून पडणारी थोडीशी माती आहे असे समजा. कोणीतरी प्रभूच्या जवळ येत आहे, त्याचा तो आवाज आहे. प्रवचन दोन मिनिटे थांबले तर धर्मगुरूचे काही बिघडत नाही.

चौघे कोण?

पक्षघाती माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता, हे मार्क सांगत नाही. तो त्याला आणणाऱ्यांच्या विश्वासाविषयी सांगतो. त्या चौघांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. मला मात्र नेहमी वाटते, ते तरुण असावेत. भरलेली बाज घेऊन परक्याच्या छपरावर चढायचे आणि ते उघडायचे, ही कल्पना पोक्त माणसाला सुचली असती का? त्याने 'उद्या येऊ' असे म्हटले असते.

म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे. आठवी-नववीत शिकणाऱ्या, दृढीकरणाची तयारी करणाऱ्या, दहावी-बारावीच्या मुला-मुलींशी. तुम्हीच का? त्याला कारण आहे.

तुमच्याच वयाच्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी आई त्याला तयार करते. विशेष शाळेत शिक्षिका शिकवतात. थेरपिस्ट व्यायाम करून घेतात. डॉक्टर तपासतात. संध्याकाळी आजी त्याच्याजवळ बसते. सगळी माणसे प्रेमाची. पण सगळी मोठी आणि सगळी त्याच्यासाठी काहीतरी 'करणारी'. लहानपणी आळीतली मुले त्याच्याबरोबर खेळत होती. पुढे त्यांचे क्लास सुरू झाले, सामने सुरू झाले, मोबाइल आला. ती पुढे गेली, तो अंगणातच राहिला. त्याच्या वयाचे, केवळ गंमत म्हणून त्याच्याकडे येणारे कोणीच उरले नाही. ही उणीव आम्ही मोठी माणसे भरून काढू शकत नाही. पंचावन्न वर्षांचा धर्मगुरू पंधरा वर्षांच्या मुलाचा मित्र कसा होणार? ते काम फक्त तुम्हालाच जमेल.

सेवा आणि मैत्री

आपण सेवेविषयी पुष्कळ बोलतो. सेवा हवीच. पण शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने आपल्या शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटले (योहान १५:१५). सेवेत एक देणारा असतो आणि एक घेणारा. मैत्रीत दोघेही एकाच बाकावर बसतात. सेवेचे तास मोजता येतात, त्याचे प्रमाणपत्रही मिळते. मैत्रीचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. तिची परीक्षा एकच असते: तू पुढच्या आठवड्यात येतोस की नाही?

जुन्या करारात मफीबोशेथाची गोष्ट आहे (२ शमुवेल ९). तो योनाथानाचा मुलगा. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन घाईने पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दावीद राजाने योनाथानाच्या मैत्रीला स्मरून त्याला शोधून काढले. दाविदाने त्याला आजोबांची जमीन परत दिली. पण एवढ्यावरच तो थांबला नाही. त्याने त्याला रोज आपल्या पंक्तीला जेवायला बसवले. दावीद त्याला जमीन देऊन मोकळा होऊ शकला असता. धान्य पाठवणे सोपे असते, पंक्तीला घेणे अवघड असते. प्रभूही लूकच्या चौदाव्या अध्यायात हेच सांगतो. मेजवानी देशील तेव्हा ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलाव. 'त्यांच्या घरी डबा पाठव' असे तो म्हणत नाही.

मग मैत्री करायची कशी? त्यात अवघड असे फार थोडे आहे.

त्याचे नाव विचारा आणि त्याला नावाने हाक मारा. त्याच्याविषयी आईला विचारू नका. तो समोर असेल तर त्याच्याशीच बोला. तो सावकाश उत्तर देत असेल तर थांबा. त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. ऐकू नीट येत असलेल्या माणसाशी ओरडून बोलण्याची गरज नसते. व्हीलचेअर ढकलण्याआधी विचारा. ती खुर्ची त्याच्या शरीराचाच भाग आहे असे समजा. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना अचानक केलेला स्पर्श, बँड किंवा फटाक्यांचा आवाज सहन होत नाही. अशा वेळी त्यांना शांत कोपऱ्यात घेऊन जा. दर रविवारी त्याच बाकावर, त्याच्या शेजारी बसा; ठरलेली जागा आणि ठरलेला माणूस त्यांना धीर देतो. त्याचे फोटो घरच्यांना आणि त्याला स्वतःला विचारल्याशिवाय मोबाइलवर फिरवू नका. आणि येतो म्हणाला असाल तर या. तो दाराशी वाट पाहत उभा असतो.

एक गोष्ट जिभेची. खुळा, वेडा, मुका, लंगड्या हे शब्द आपल्या बोलण्यात शिव्यांसारखे येतात. वर्गात, मैदानावर, घरातसुद्धा. ते शब्द ऐकणारी एखादी आई शेजारच्या अंगणात असते. आजपासून ते सोडून देऊ या.

हे सगळे नेहमीच गोड असेल असे मी सांगणार नाही. कधी तो तुमच्याशी बोलणारच नाही. कधी रागाने ढकलून देईल. कधी तुम्हाला कंटाळा येईल. तुमचे मित्र हसतील. अशा वेळी संत कार्लो आकुतीसची आठवण ठेवा. इटलीतील मिलान शहरात राहणारा हा तुमच्यासारखाच मुलगा. त्याला संगणकाचे वेड होते. शाळेतल्या दिव्यांग मुलांची कोणी चेष्टा करू लागले की तो त्यांच्या बाजूने उभा राहत असे. २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो वारला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. संत व्हायला त्याला म्हातारे व्हावे लागले नाही.

आईवडिलांसाठी दोन शब्द

आता त्या घरांविषयी. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? (योहान ९) प्रभूने स्पष्ट सांगितले, कोणाचेही नाही. तरीही दोन हजार वर्षांनंतर हाच प्रश्न आपल्या आळीत कुजबुजला जातो. ग्रहण पाळले नाही का, कोणाची दृष्ट लागली का, घराण्यात काही होते का? डाऊन सिंड्रोम एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे होतो. त्यात कोणाचे पाप नाही, कोणाचा शाप नाही. प्रभूने जो प्रश्न पुसून टाकला, तो आपण पुन्हा लिहू नये.

संत मार्गारेट हिची कथा अशा घरांनी जरूर ऐकावी. ती १२८७ साली इटलीत एका उमराव घराण्यात जन्मली. आंधळी, पाठीला कुबड, पायाने अधू. आईवडिलांना तिची लाज वाटली. त्यांनी तिला कित्येक वर्षे एका खोलीत कोंडून ठेवले. पुढे चमत्काराच्या आशेने तिला कास्तेलो नगरातल्या देवळात आणले आणि चमत्कार झाला नाही म्हणून तिथेच सोडून ते निघून गेले. तिला कोणी सांभाळले? त्या नगरातल्या गोरगरिबांनी. पुढे ती डोमिनिकन परिवाराची सदस्य झाली, इतरांची सेवा करत राहिली आणि ३३ व्या वर्षी प्रभूघरी गेली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपद दिले. ज्या मुलीला घराने लपवले, तिला ख्रिस्तसभेने वेदीवर ठेवले.

माझ्या ओळखीच्या आईवडिलांच्या मनात एक प्रश्न रात्री जागा असतो. तो औषधाचा नसतो, पैशाचाही नसतो. 'आमच्यानंतर याचे काय?' १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी, त्या अठरा वर्षांच्या झाल्यावर, कायदेशीर पालक नेमता येतो. ज्यांना गरज आहे त्यांनी ही सोय जरूर करून घ्यावी. पण कायदा पालक नेमू शकतो, मित्र नेमू शकत नाही. ते काम धर्मग्रामाचे आहे. आज पंधरा वर्षांच्या मुलाने पंधरा वर्षांच्या मुलाशी केलेली मैत्री पंचेचाळिसाव्या वर्षी त्या घराचा आधार होऊ शकते. त्या आईला जे उत्तर हवे आहे, ते आज धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेले आहे.

फ्रान्समधील एक कुटुंब

हे स्वप्नरंजन नाही. १९६० च्या दशकात फ्रान्समधील एका दांपत्याला लुर्दच्या यात्रेला जायचे होते. त्यांच्या दोन्ही मुलांना गंभीर बौद्धिक अपंगत्व होते, म्हणून यात्रेच्या गटाने त्यांना सामावून घेतले नाही. ते आपले आपण गेले. तिथे हॉटेलात जागा मिळाली ती एका अटीवर: जेवण खोलीतच घ्यायचे. पवित्र मातेच्या दारात त्यांना आपण नकोसे आहोत असे वाटले. त्यांचे हे दुःख ऐकून मारी-एलेन मात्यू आणि ज्याँ व्हानिये यांनी १९७१ च्या ईस्टरला अशा कुटुंबांची खास यात्रा काढली. पंधरा देशांतून बारा हजार यात्रेकरू आले; त्यांत चार हजार दिव्यांग होते. बरोबर आईवडील होते आणि मोठ्या संख्येने तरुण मित्र होते. त्यातून 'फेथ अँड लाइट' ही चळवळ जन्मली. दिव्यांग व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय आणि मित्र ठरावीक काळाने एकत्र येतात, प्रार्थना करतात, गातात, जेवतात. भारतातही असे गट आहेत.

सत्याला धरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्याँ व्हानिये यांनी अनेक प्रौढ स्त्रियांचे शोषण केले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, त्यांच्याच संस्थेच्या चौकशीतून उघड झाले. त्यामुळे त्या कुटुंबांच्या मैत्रीची किंमत कमी होत नाही. पण आपल्याला धडा मिळतो. कितीही थोर माणूस असो, दुर्बलांच्या जवळ जाताना नियम हवेतच. म्हणून आपल्याकडेही कोणी एकट्याने जायचे नाही, दोघादोघांनी जायचे. बरोबर एक जबाबदार मोठी व्यक्ती हवी. बंद खोलीत बसायचे नाही. मुलाची अंघोळ, शौच, कपडे हे घरच्यांचे काम. काही खटकले तर लगेच सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने ते गांभीर्याने घ्यायचे.

या नाताळला

नाताळ जवळ आला आहे. तुमची गोठा बांधायची, तारे लावायची, कॅरलची धावपळ सुरू झाली असेल. त्यातच ही चार कामे जोडून घ्या.

कॅरल घेऊन फिराल तेव्हा ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे नुसते गाऊन पुढे जाऊ नका. त्याला बरोबर घ्या. खंजिरी त्याच्या हाती द्या. नाताळच्या नाटुकल्यात एक मेंढपाळ तो होऊ दे. तो संवाद विसरला तर काही बिघडत नाही. बेथलेहेमच्या मेंढपाळांचे संवाद शुभवर्तमानात एकदोनच आहेत. दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज संगणकावरून भरता येतो. तुमच्या बोटांना जे पाच मिनिटांचे काम आहे, ते एखाद्या आजोबांना डोंगराएवढे वाटते. तेवढी मदत करा. आणि आपल्या चर्चच्या दाराशी व्हीलचेअरसाठी उतार हवा, ही मागणी तुम्ही तरुणांनी पॅरिश कौन्सिलपुढे ठेवा. दऱ्या भरा, टेकड्या सपाट करा, या यशयाच्या शब्दांचा एवढा सरळ अर्थ दुसरा कोणता असेल?

पालकांना माझी विनंती आहे की ज्यांच्या मुलांचा प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार किंवा दृढीकरण 'त्याला काय समजणार' म्हणून राहून गेले आहे, त्यांनी मला येऊन भेटावे. दिव्यांग व्यक्तींना संस्कार नाकारता येत नाहीत, हे ख्रिस्तसभेने २०२० च्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेत पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यांची तयारी चित्रांनी, खुणांनी, स्पर्शाने करता येते. त्या तयारीला एक तरुण मित्र शेजारी बसलेला असला, तर अर्धे काम झालेच.

आणि इतर सर्वांना एकच विनंती. पुढच्या रविवारी कुठून आवाज आला, तर मान वळवू नका. थोडे सरका आणि बाकावर जागा करून द्या. अवयवांपैकी जे अशक्त वाटतात तेच अधिक आवश्यक असतात, असे संत पौल करिंथकरांना सांगतो (१ करिंथ १२:२२). त्यांच्याशिवाय आपण भरलेल्या बाकांचे चर्च होऊ, ख्रिस्ताचे पूर्ण शरीर होणार नाही.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात थोडा वेळ भेटू. सुरुवातीला चौघे आले तरी पुरे आहेत. कफर्णहूमलाही चौघेच होते.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तुझ्याकडे तोंड करून उभे असताना आमची पाठ कोणाची वाट अडवत असेल, तर आम्हाला वळव. आमच्या तरुणांच्या खांद्यांना बळ दे, मनाला चिकाटी दे. घरात राहिलेल्यांना हाक मारायला आम्हाला शिकव आणि तुझ्या पंक्तीत त्यांच्या शेजारी बसण्याचा आनंद आम्हाला दे. आमेन.

आपला प्रभुसेवक,
धर्मगुरू